एकच फाँट, दोन खिडक्या: टूलकिटमधील आणि नेटिव्ह सॉफ्टवेअरमधील अक्षरांत फरक का पडतो?

कच्चाखर्डा (धागालेखक)

मुद्रितशोधनासाठी लागणारे एक छोटे सॉफ्टवेअर मी गेली काही वर्षे लिहितो आणि सांभाळतो. डावीकडे मूळ मजकूर, उजवीकडे दुरुस्त मजकूर आणि खाली शेऱ्यांची पट्टी, एवढाच त्याचा पसारा आहे. जुनी आवृत्ती विंडोजच्या स्वतःच्या, म्हणजे नेटिव्ह, मजकूर-खिडकीवर उभी होती, त्यामुळे ती अन्य कुठे चालत नसे. यंदा ती मी तिन्ही प्रमुख प्रणालींवर (विंडोज, मॅक, लिनक्स) चालणाऱ्या एका टूलकिटमध्ये, म्हणजे खिडक्या, बटणे आणि मजकूर काढून देणाऱ्या तयार संचात, नव्याने लिहिली. टूलकिटचे नाव मुद्दाम देत नाही, कारण नाव दिले की चर्चा बाजू घेण्यावर जाते आणि मूळ प्रश्न तसाच राहतो.

हे सॉफ्टवेअर दिवसाचे सात-आठ तास वापरणाऱ्या दोन मुद्रितशोधक आहेत. नवी आवृत्ती हाती दिल्यावर पहिल्याच आठवड्यात एकीने सांगितले की अक्षरे धुऊन काढल्यासारखी फिकी दिसतात. दुसरीचे म्हणणे असे की शिरोरेषा उसवल्यासारखी दिसते. मी आधी ही सवयीची बाब म्हणून सोडून दिली. मग राहवले नाही म्हणून तोच परिच्छेद, तोच फाँट, तोच १६ पिक्सेलचा आकार दोन्ही आवृत्त्यांत उघडला, पडद्याची चित्रे घेतली आणि ती कोणतेही गुळगुळीतीकरण न करता आठपट मोठी करून शेजारी शेजारी ठेवली.

जुन्या आवृत्तीत शिरोरेषा पिक्सेलांची एकच ओळ व्यापते आणि ती ओळ संपूर्ण काळी आहे. नव्या आवृत्तीत तीच रेषा दोन ओळींवर पसरली आहे आणि दोन्ही ओळी करड्या आहेत. त्याहून वाईट म्हणजे ‘मनमानी’ या शब्दात ‘म’ संपून ‘न’ सुरू होतो तिथे त्या करड्या रेषेतही एक फिकट चीर दिसते. ‘न’ आणि पुढचा ‘मा’ यांच्यामध्ये ती दिसत नाही, ‘मा’ आणि ‘नी’ यांच्यामध्ये पुन्हा दिसते. जुन्या आवृत्तीत मात्र अक्षरांमधली अंतरे काहीशी उडाणटप्पू आहेत. कुठे दोन अक्षरे दाटीवाटीने बसली आहेत, कुठे उगाच ऐसपैस. नव्या आवृत्तीत ती फार सुंदर आणि सारखी आहेत, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

माझा प्रश्न असा आहे की ही टूलकिटची मर्यादा आहे, की कोणीतरी घेतलेला आणि मला बदलता येईल असा निर्णय आहे?

पिक्सेलपंत

चिरफाड करण्याआधी दोन-तीन गोष्टींची खात्री करून घ्यावी, असे सुचवतो. अशा तुलनांमध्ये निम्म्या वेळा रेंडरिंगचा, म्हणजे अक्षरे पडद्यावर उमटवण्याच्या पद्धतीचा, संबंधच नसतो.

पहिली गोष्ट आकाराची. मॅकवर एक पॉइंट म्हणजे एक पिक्सेल असा ७२ चा हिशेब परंपरेने चालत आला आहे आणि विंडोजवर ९६ चा. त्यामुळे एकीकडचे ‘१२’ म्हणजे बारा पिक्सेल आणि दुसरीकडचे ‘१२’ म्हणजे सोळा पिक्सेल. आपण पिक्सेलमध्ये मोजले आहे हे चांगले केले, पण ज्यांनी मेनूतला आकडा पाहून तुलना केली असेल त्यांनी ती पुन्हा करावी.

दुसरी गोष्ट पर्यायी फाँटची. सॉफ्टवेअरला सांगितलेला फाँट बहुधा रोमन लिपीचा असतो आणि त्यात देवनागरी नसते. मग देवनागरी अक्षरांसाठी दुसरा फाँट शोधण्याचे काम प्रत्येक टूलकिट आपापल्या पद्धतीने करते. लिनक्सवर बहुतेक जण फाँट शोधून देणाऱ्या फाँटकॉन्फिगला विचारतात, विंडोजवर डायरेक्टराइट या मजकूर-यंत्रणेची स्वतःची यादी आहे, काही टूलकिट आपली यादी पदरी बाळगतात. एका खिडकीत मंगल आणि दुसरीत निर्मला यूआय आला असेल, तर ती तुलना रेंडरिंगची होत नाही. मंगल विंडोज २००० बरोबर आला आणि निर्मला विंडोज ८ बरोबर. दोन्हींची जाडी, उंची आणि घडण पुरती वेगळी आहे.

तिसरी गोष्ट ठळक अक्षरांची. पर्यायी फाँटला ठळक वजन नसेल, तर बरीच टूलकिटे मूळ आकृतीच सर्व बाजूंनी फुगवून खोटे ठळक अक्षर तयार करतात. ‘ष’, ‘थ’, ‘क्ष’ यांच्या पोटातली मोकळी जागा त्यात बुजते.

कच्चाखर्डा

धन्यवाद. फाँट मी फाइलमधून थेट लोड करतो, त्यामुळे नेहमीच्या मजकुरात दोन्हीकडे एकच फाँट आहे, हे तपासून पाहिले. ठळक अक्षरांबाबत मात्र आपला अंदाज खरा निघाला. ठळक वजनाची फाइल नव्या आवृत्तीत जोडायचीच राहिली होती आणि शीर्षके तीन महिने फुगवलेल्या अक्षरांत दिसत होती. ही चूक सर्वस्वी माझी. मूळ तक्रार मात्र साध्या वजनाच्या मजकुराची आहे आणि ती कायम आहे.

जुळारी

धाग्यातले निरीक्षण इतके नेमके आहे की उत्तर जवळजवळ त्यातच आहे. मजकूर पडद्यावर येईपर्यंत चार वेगवेगळी कामे होतात आणि ‘रेंडरिंग चांगले’ किंवा ‘वाईट’ म्हणताना आपण ती एकत्र करून बोलतो. अक्षरमालेतून जोडाक्षरे आणि मात्रांसह योग्य आकृत्या निवडणे हे पहिले काम. त्या आकृत्यांची वक्र बाह्यरेषा पिक्सेलांच्या जाळीवर उतरवणे, आणि तसे करताना ती जाळीला जुळवून घ्यायची की जशीच्या तशी ठेवायची हे ठरवणे, हे दुसरे. प्रत्येक आकृती ओळीत नेमकी कुठे ठेवायची, पूर्ण पिक्सेलवर की पिक्सेलच्या अंशावर, हे तिसरे. आणि अर्धवट झाकलेल्या पिक्सेलचा रंग पार्श्वभूमीत किती मिसळायचा, हे चौथे. आपल्या तक्रारी दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या कामाच्या आहेत. पहिले दोन्हीकडे बरोबर झालेले दिसते.

शिरोरेषेपासून सुरुवात करतो. फाँटचा आकार हजार एककांत विभागलेला असतो, त्यांपैकी तिची जाडी ऐंशीच्या आसपास आहे असे धरू. सोळा पिक्सेल आकारात ती १.२८ पिक्सेल होते. पडद्याला १.२८ पिक्सेल दाखवता येत नाही. विंडोजची जुनी जीडीआय पद्धत अशा वेळी हिंटिंगच्या (आकृती पिक्सेलांच्या जाळीला कशी जुळवावी हे सांगणाऱ्या, फाँटमधल्या) सूचना पाळून रेषा उभ्या दिशेने जाळीवर ओढून बसवते आणि ती नेमकी एक पिक्सेल करते. म्हणून आपल्याला एक ओळ, संपूर्ण काळी, अशी दिसली. शिवाय जीडीआयमधील क्लियरटाइप आडव्या दिशेने पिक्सेलचे लाल-हिरवे-निळे असे तीन भाग (सबपिक्सेल) स्वतंत्रपणे वापरते, परंतु उभ्या दिशेने कडा मऊ करतच नाही. आडवी शिरोरेषा त्यामुळे करवतून काढल्यासारखी स्वच्छ येते. तीच पद्धत मोठ्या आकारात तिरप्या आणि गोल अवयवांना पायऱ्या पाडते. शीर्षकातला ‘ळ’ पाहावा.

नवे टूलकिट बहुधा ही ओढाताण करत नाही. रेषा जिथे पडते तिथे पडू देते आणि प्रत्येक पिक्सेल किती झाकला गेला तेवढा करडा रंग भरते. १.२८ पिक्सेलची रेषा दोन ओळींच्या सीमेवर पडली की दोन्ही ओळी सुमारे चौसष्ट टक्के भरतात. शाई तेवढीच, पण ती पसरली. ‘धुतल्यासारखी’ हा शब्द अगदी योग्य आहे.

आता चिरेकडे येतो, कारण ती देवनागरीची खास अडचण आहे. रोमन अक्षरे एकमेकांना चिकटत नाहीत, म्हणून जगातल्या बहुसंख्य टूलकिट-लेखकांच्या ती नजरेसच येत नाही. समजा ‘म’ची शिरोरेषा एका पिक्सेलच्या बरोबर मध्यावर संपते आणि ‘न’ची तिथूनच सुरू होते. दोघांनी मिळून तो पिक्सेल पूर्ण झाकला आहे. पण चित्र काढणारा प्रोग्राम ‘म’ आणि ‘न’ एकाच वेळी काढत नाही. तो आधी ‘म’ काढतो, तेव्हा पिक्सेल अर्धा काळा होतो आणि पन्नास टक्के पांढरे उरते. मग ‘न’ काढताना तो त्या उरलेल्या पांढऱ्याचा अर्धा भाग झाकतो. उरते पंचवीस टक्के पांढरे. ज्या पिक्सेलवर काहीही पांढरे राहायला नको होते, तिथे एक चतुर्थांश पांढरे राहिले, आणि तीच आपली चीर. अक्षर पूर्ण पिक्सेलवर सुरू होत असेल तर हा प्रश्न उद्भवतच नाही. ‘न’ आणि ‘मा’ यांच्यामध्ये आपल्याला चीर दिसली नाही, कारण तिथे सीमा योगायोगाने पूर्ण पिक्सेलच्या जवळ पडली असणार.

चांगले फाँटकार हे जाणतात आणि शिरोरेषा अक्षराच्या रुंदीच्या थोडी बाहेर काढून शेजारच्या अक्षराखाली सरकवतात. पण ती किती बाहेर काढली आहे यावर सगळे अवलंबून आहे. दहा एकके बाहेर असेल तर सोळा पिक्सेलला ती फक्त ०.१६ पिक्सेल होते, आणि सर्वांत वाईट जागी तेवढ्याने चीर पंचवीस टक्क्यांवरून सतरा-अठरा टक्क्यांवर येते, पुरती जात नाही.

जुन्या आवृत्तीतली उडाणटप्पू अंतरे आणि नव्या आवृत्तीतल्या चिरा या अशा एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. जीडीआय प्रत्येक अक्षराची रुंदी पूर्ण पिक्सेलमध्ये करून टाकते. ‘म’ची खरी रुंदी ९.४ असेल तर ९ होते, ‘न’ची ८.६ असेल तर ९. रेषा सांधली जाते, अंतरे बिघडतात.

उभाआडवा

जुळारी यांचे विवेचन उत्तम आहे, परंतु धाग्याच्या शीर्षकातील विभागणीलाच माझा आक्षेप आहे. ‘नेटिव्ह’ नावाची एकच गोष्ट अस्तित्वात नाही.

विंडोजवरच पाहा. जीडीआयचे क्लियरटाइप विंडोज एक्सपीबरोबर २००१ मध्ये आले. २००६ मध्ये त्याच कंपनीने डब्ल्यूपीएफ हे टूलकिट आणले आणि त्यातली छोटी अक्षरे धूसर दिसतात म्हणून विकासकांनी इतकी ओरड केली की २०१० च्या चौथ्या आवृत्तीत पूर्ण पिक्सेलवर अक्षरे बसवण्याचा पर्याय वेगळा द्यावा लागला. मधल्या काळात, २००९ मध्ये, विंडोज ७ बरोबर डायरेक्टराइट आले; ते अंशात्मक स्थान आणि उभ्या दिशेचा मऊपणा दोन्ही देते. यांपैकी नेटिव्ह कोणते? तिन्ही.

मॅकवर तर उलटच आहे. तिथली कोअर टेक्स्ट पद्धत हिंटिंगच्या सूचना पाळतच नाही. अक्षराची मूळ घडण राखणे हे तिचे ब्रीद आहे, जाळीला जे व्हायचे ते होवो. २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून तिथे रंगीत सबपिक्सेल गुळगुळीतीकरणही मुळात (वेगळे काही निवडले नाही तर) बंद ठेवले गेले. म्हणजे आपण ज्या धूसरपणाचा दोष टूलकिटला देत आहात, तो एका प्रणालीवर नेटिव्ह धोरण आहे. साध्या घनतेच्या पडद्यावर तो खुपतो, इंचाला दोनशेहून अधिक पिक्सेल असलेल्या पडद्यावर कोणाच्या लक्षातही येत नाही. माझा सल्ला असा राहील की सॉफ्टवेअरशी झटापट करण्यापेक्षा पडदे बदलावेत.

जुळारी

शीर्षकाविषयीचा आक्षेप मान्य. रेषा नेटिव्ह आणि टूलकिट यांच्यामध्ये ओढण्याऐवजी जाळीला मानणारे आणि आकृतीला मानणारे अशी ओढली, तर चित्र अधिक खरे उमटेल. क्रोम ब्राउझर २०१४ च्या ३७ व्या आवृत्तीत जीडीआय सोडून डायरेक्टराइटकडे गेला, तेव्हा तो एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकला, आणि दोन्ही बाजू विंडोजच्याच होत्या.

पडदे बदलण्याचा सल्ला मात्र पटला नाही. सॉफ्टवेअर ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यापुढे जो पडदा आहे, त्यावरच ते वाचता आले पाहिजे. २४ इंची, १९२० गुणिले १०८० चा पडदा इंचाला सुमारे ९२ पिक्सेल देतो, आणि असे पडदे अजून पुष्कळ वर्षे टेबलांवर राहणार आहेत.

लिनक्सचा अनुभव इथे बोलका आहे, कारण तिथे हा वाद उघड्यावर लढला गेला. ट्रूटाइप फाँटांतल्या हिंटिंगच्या सूचना चालवणारा भाग फ्रीटाइप या अक्षरे काढणाऱ्या यंत्रणेत होता, पण ॲपलच्या पेटंटांमुळे तो मुळात बंद ठेवावा लागे. ती पेटंटे २०१० मध्ये संपली आणि तो उघडला गेला. पुढे २०१६ च्या २.७ आवृत्तीत फ्रीटाइपने एक मधला मार्ग मुळात चालू केला: उभ्या दिशेच्या सूचना पाळायच्या, आडव्या दिशेच्या सोडून द्यायच्या. देवनागरीसाठी हा तोडगा मला सर्वांत समंजस वाटतो. शिरोरेषा जाळीवर घट्ट बसते, आणि दंडांची जाडी व अक्षरांची रुंदी बिघडत नाही. फ्रीटाइपच्या स्वयंचलित हिंटिंगलाही देवनागरीची शिरोरेषा ओळखता येते. तेव्हा फाँटमध्ये सूचना नसल्या तरी हा मार्ग बंद होत नाही.

धागालेखकांनी आपल्या टूलकिटमध्ये अक्षरे नेमकी कोण काढते ते पाहावे. उदाहरणार्थ, क्यूट क्विक या टूलकिटमध्ये मजकूर मुळात ‘डिस्टन्स फील्ड’ पद्धतीने काढला जातो. प्रत्येक पिक्सेल अक्षराच्या कडेपासून किती दूर आहे याचा नकाशा एकदा एका आकारात साठवायचा आणि ग्राफिक्स कार्डाने तो हव्या त्या आकारात वापरायचा. ही युक्ती २००७ मध्ये एका गेम कंपनीने प्रसिद्ध केलेल्या लेखामुळे सर्वत्र पसरली. अक्षरे फिरवायची, मोठी-लहान करायची, तर तिला तोड नाही. पण एकाच आकारात साठवलेल्या नकाशाला सोळा पिक्सेलची जाळी ठाऊक नसते, त्यामुळे हिंटिंग तिथे संभवत नाही, आणि टोकदार कोपरे थोडे गोल होतात. त्याच टूलकिटमध्ये प्रणालीच्या स्वतःच्या यंत्रणेकडून अक्षरे काढून घेण्याचा पर्याय एका ओळीत निवडता येतो. इतर टूलकिटांत अशी कळ कुठे ना कुठे असतेच. मुळातली निवड स्थिर मजकूर दिवसभर वाचणाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून केलेली नसते, एवढेच.

रात्रपाळी

फिकेपणाचे दुसरे कारण चौथ्या कामात आहे, त्याविषयी लिहितो.

पांढऱ्यावर काळे अक्षर आहे आणि एक पिक्सेल अर्धा झाकला आहे. साधे गणित करणारे सॉफ्टवेअर ० आणि २५५ यांच्या मधला १२८ हा आकडा लिहून मोकळे होते. परंतु पडद्यावर १२८ म्हणजे निम्मा प्रकाश नसतो, तो साधारण बावीस टक्के असतो. प्रकाशाच्या हिशेबाने निम्मे हवे असेल तर आकडा १८८ च्या आसपास लागतो. जुनी सॉफ्टवेअरे साधे गणित करत, त्यामुळे काळी अक्षरे हवी त्याहून जाड आणि गडद दिसत. फाँटकारांनीही पिढ्यान्‌पिढ्या तोच परिणाम पाहून जाडी ठरवली. नवे टूलकिट भौतिकदृष्ट्या बिनचूक गणित करू लागले की तीच अक्षरे बारीक आणि फिकी होतात. बरोबर उत्तरामुळे वाईट दिसणारे हे एक प्रकरण आहे.

म्हणून विंडोजची यंत्रणा आणि स्किया (क्रोमची चित्र काढणारी यंत्रणा) यांच्यात गॅमा (आकडा आणि प्रकाश यांचे नाते) आणि कॉन्ट्रास्टच्या वेगळ्या दुरुस्त्या असतात. त्या मोजून-मापून केलेल्या तडजोडी आहेत. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे घेतली की सगळे उलटे होते, साध्या गणितात ती बारीक होतात. मी रात्री काम करतो आणि गडद थीम वापरतो, त्यामुळे एकाच सॉफ्टवेअरच्या दोन थीममध्ये अक्षरांचे वजन वेगळे दिसणे हे रोज पाहतो.

आणखी एक बारीक सूचना. क्रोमियमवर (क्रोमच्या मुळाशी असलेल्या ब्राउझरवर) आधारलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉन या टूलकिटमध्येही, मजकुराचा थर पारदर्शक असला की रंगीत सबपिक्सेल पद्धत सोडून करड्या छटांची पद्धत वापरली जाते, कारण खाली कोणता रंग येणार हे त्या थराला ठाऊक नसते. एखाद्या पट्टीला नुसता हलका संक्रमण-परिणाम दिला तरी तिच्यातली अक्षरे शेजारच्या पट्टीहून वेगळी दिसू लागतात. पार्श्वभूमीला ठोस रंग दिला की बहुधा पूर्ववत होतात.

अर्धचंद्र

सगळे दुसऱ्या-तिसऱ्या कामावर बोलत आहेत, म्हणून पहिल्या, म्हणजे अक्षरजुळणीच्या, कामाची बाजू मांडतो, कारण तिथे टूलकिटांची कामगिरी कित्येकदा नेटिव्हपेक्षा सरस आहे.

आज फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि जीटीके हे टूलकिट, ही सर्व अक्षरजुळणी हार्फबझ या एकाच तयार कोडसंचाकडून (लायब्ररीकडून) करून घेतात. लिबरऑफिस २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून सर्व प्रणालींवर हार्फबझ वापरते आणि जावाही त्याच वर्षीच्या नवव्या आवृत्तीपासून. याचा लाभ असा की जोडाक्षर एका प्रणालीवर जसे जुळते तसेच दुसऱ्या प्रणालीवर जुळते. त्याआधी एकच कागदपत्र दोन यंत्रांवर उघडले की रफार वेगळ्या अक्षरावर चढलेला दिसे.

मुद्रितशोधनाच्या सॉफ्टवेअरला तर इथे जिवाची गोष्ट आहे. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांत स्वयंपाकघर आणि गुरुपीठ एवढा फरक आहे. पहिल्या शब्दातला अर्धा ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारांनी लिहिता येतो: नुक्त्याचा ‘ऱ’ आणि हलन्त, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर शून्य रुंदीचे जोडचिन्ह. एखाद्या टूलकिटची मजकूर-खिडकी चिकटवलेल्या मजकुरातली अदृश्य चिन्हे गाळत असेल, तर दुसऱ्या प्रकाराने लिहिलेले आचारी गुपचूप आचार्य होतात, आणि ही चूक कितीही सुंदर रेंडरिंगने भरून निघत नाही.

‘ल’ आणि ‘श’ यांचेही तसेच. २००९ च्या शासननिर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ठरवून दिले. अनेक फाँटांत मराठीची आणि हिंदीची रूपे दोन्ही असतात, पण मजकूर मराठी आहे हे टूलकिटने फाँटला सांगितले तरच मराठी रूप येते. ब्राउझरमध्ये भाषेची खूण लिहावी लागते. पँगो (जीटीकेची मजकूर मांडणारी यंत्रणा) ती गोष्ट मुळात प्रणालीच्या भाषेवरून ठरवते, म्हणून इंग्रजीत ठेवलेल्या यंत्रावर मराठी मजकूर हिंदी वळणाने दिसतो आणि दोष फाँटच्या माथी जातो.

ज्या टूलकिटांत अक्षरजुळणीच नाही त्यांच्याबद्दल बोलण्यासारखे फार नाही. ‘डियर आयएमगुई’सारखी गेममधल्या पट्ट्यांसाठी केलेली टूलकिटे एका सांकेतिक क्रमांकाला एक आकृती ठेवत जातात. ऱ्हस्व वेलांटी त्यात अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. ज्या कामासाठी ती केली गेली त्यासाठी ती ठीक आहेत.

पिक्सेलपंत

अर्धचंद्र यांच्या यादीत उंचीची भर घालतो. मजकूर-खिडकीची उंची रोमन अक्षरांच्या मापाने ठरवलेली असते. ‘सर्वैं’सारखे मुद्दाम जुळवलेले अक्षर, ज्यात रफार, दोन मात्रा आणि अनुस्वार एकावर एक चढतात, आणि खाली ‘द्धू’ किंवा ‘ट्रू’ असे काही घालून पाहावे. वरचा टिंब किंवा खालच्या उकाराचे शेपूट कापले जात असेल तर ते लगेच दिसेल. शोधकाला अनुस्वार दिसलाच नाही, तर तो शोधणार काय?

कच्चाखर्डा

सर्वांच्या सूचना एकेक करून पाहिल्या, त्यांचा निष्कर्ष देतो.

जुळारी यांनी म्हटल्याप्रमाणे टूलकिट ग्राफिक्स कार्डाकडून आपल्या पद्धतीने अक्षरे काढत होते. मजकुराच्या दोन खिडक्यांपुरती ती पद्धत बंद करून प्रणालीच्या यंत्रणेकडे काम सोपवले. शिरोरेषा एका ओळीवर आली आणि फिकेपणाची तक्रार त्याच दिवशी मिटली. शेऱ्यांची पट्टी अर्धपारदर्शक होती, रात्रपाळी यांच्या सूचनेनुसार तिला ठोस रंग दिला.

चिरा मात्र पूर्ण गेल्या नाहीत. तेव्हा फाँटची फाइल उघडून शिरोरेषा किती बाहेर काढली आहे ते मोजले. जुळारी यांनी उदाहरणादाखल घेतलेला आकडा योगायोगाने जवळपास तंतोतंत निघाला. सोळा पिक्सेलला ०.१६. आणि मग माझ्याच कोडमध्ये एक जुनी ओळ सापडली. नवी आवृत्ती लिहायला घेतली तेव्हा चाचणीसाठी रोमन मजकूर वापरला होता आणि तो दाटीचा वाटला म्हणून अक्षरांमध्ये ०.२ पिक्सेलची जादा जागा सोडली होती. फाँटकाराने सांधण्यासाठी ठेवलेले ०.१६ मी स्वतःच्या हाताने खाऊन वर ०.०४ ची खरीखुरी फट पाडली होती. मुद्रितशोधक बाई ‘उसवली’ म्हणाल्या ते अक्षरशः खरे होते. ती ओळ काढल्यावर चिरा बऱ्याच पुसट झाल्या, आणि पूर्ण पिक्सेलवर अक्षरे बसवण्याचा पर्याय चालू केल्यावर नाहीशा झाल्या. अंतरे पुन्हा थोडी उडाणटप्पू झाली आहेत, पण दोघींनाही ती चालतात. सुंदर अंतरांचे दुःख फक्त मला आहे.

एक नवी अडचण मात्र उभी राहिली. छपाईपूर्व दृश्य मी अंशात्मक रुंदीवरच ठेवले आहे, कारण कागदावर तसेच छापले जाते. त्यामुळे संपादनाच्या खिडकीत ओळ एका शब्दावर तुटते आणि छपाईच्या दृश्यात दुसऱ्या. ‘सातव्या ओळीतला तिसरा शब्द’ असा शेरा लिहिला की तो शब्द दुसरीकडे आठव्या ओळीत सापडतो.

जुळारी

ओळी तोडण्याचा हिशेब दोन्ही दृश्यांसाठी अंशात्मक रुंदीवरच करावा, आणि कोणता शब्द कोणत्या ओळीत हे एकदा ठरले की मग फक्त चित्र काढताना त्या ओळीतली अक्षरे पूर्ण पिक्सेलवर बसवावीत. ओळीच्या शेवटी दोन-चार पिक्सेलांचा फरक पडेल, तो शब्दांमधल्या जागांत वाटून टाकावा. अक्षरांमधल्या जागेला हात लावू नये. शिरोरेषा शब्दाच्या आत अखंड हवी, दोन शब्दांमध्ये ती तशीही तुटलेलीच असते. शब्दातल्या कर्सरची जागाही बसवलेल्या स्थानांवरूनच काढावी, नाहीतर लांब शब्दात कर्सर अक्षराच्या पोटात उभा राहिलेला दिसेल.

कच्चाखर्डा

तसे केले. ओळी दोन्हीकडे सारख्या तुटतात. बारा शब्दांच्या एका ओळीत जास्तीत जास्त पाच पिक्सेलांचा फरक आला, आणि तो अकरा मोकळ्या जागांत मुरल्यावर आठपट मोठ्या केलेल्या चित्रातही मला शोधून काढावा लागला. कर्सरचे आपण म्हणालात तसेच झाले होते. ‘मुद्रितशोधनासाठी’ या शब्दात तो ‘धना’च्या ‘न’मध्ये घुसला होता, तोही आता दोन अक्षरांच्या मध्ये उभा राहतो.